शिवेवरचं कापड

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या दाराबाहेर, चपलांच्या कपाटावर एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक हिरवी कापडी पिशवी असते. येणारे-जाणारे विचारतात, "पिशवी बाहेर का?" मी म्हणते, "भाजीची आहे, माती सांडते." उत्तर पटण्यासारखं असल्यामुळे पुढे कुणी विचारत नाही. खरं कारण मी घरातल्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

निवृत्त व्हायच्या आधी मी एका संस्थेत होते. गावोगावच्या बचत गटांना कचरा कमी करण्याच्या कामासाठी आम्ही छोटी अनुदानं द्यायचो. छोटी म्हणजे खरोखर छोटी. दोन शिलाई मशीन, एक फलक आणि उद्घाटनाचा नारळ, एवढ्यात संपणारी. अर्ज मात्र असा लांबलचक की वाटावं, धरण बांधायचंय. कोणता कचरा, कुठून येतो, कशाने कमी होणार, कधीपर्यंत. रकान्यांना अंत नव्हता. गावात जाऊन ते रकाने भरून घ्यायचे, कामावर नजर ठेवायची आणि शेवटी अहवाल लिहायचा, हे माझं काम. मी मूळची तापट. गावात शिरल्यावर माणसं आधी देवळाकडे जातात, मी आधी घरांच्या मागच्या बाजूला जायची. उकिरड्यात काय पडलंय ते बघितलं की घर कळतं, असा माझा दावा होता आणि तो मी बैठकांमध्ये ऐकवायचीही.

कडेगाव आणि कुंडलच्या मधल्या एका गावातून असाच एक अर्ज आला. चांगलं बागायती गाव. चारी बाजूंनी ऊस, घराआड एक माणूस फौजेत. आठवडी बाजार मोठा, आसपासच्या वाड्या-वस्त्या तिथेच येतात. बाजार उठला की पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या वाऱ्यावर उडत उसात शिरायच्या, ओढ्यात अडकायच्या, गाईम्हशींच्या पोटात जायच्या. गटातल्या बायकांनी उपाय शोधला होता आणि तो मला फार आवडला. बाजाराच्या तोंडाशी एक आडवा बांबू बांधायचा, त्याला कापडी पिशव्या अडकवायच्या. येताना घ्या, भाजी भरून घरी न्या, पुढच्या बाजाराला परत आणून अडकवा. पैसे नाहीत, वही नाही. कुणाची पिशवी कुणाकडे, हा प्रश्नच नाही.

आमच्या कार्यालयाची अट एकच होती: पिशव्या टाकाऊ कापडाच्याच हव्यात. विकतचं कापड चालणार नाही, नाहीतर कचरा कमी कसा झाला?

ही अट लिहिणाऱ्याने या भागातलं घर आतून बघितलेलं नसणार. मी बघितलं होतं, तरी मला सुचलं नाही. इथे कापड टाकाऊ होतच नाही. साडी विटली की शेतात नेसायला निघते, तिथे फाटली की तिची वाकळ शिवतात. वाकळ झिजली की म्हशीच्या पाठीवर किंवा कणगीच्या तोंडावर जाते आणि शेवटी जमीन पुसायचं पोतेरं होते. त्यानंतर जे उरतं त्याची पिशवी काय, वातसुद्धा होणार नाही. बायका महिनाभर घरोघर फिरल्या. हाती लागलं ते शिंप्याकडचं चिंध्यांचं एक गाठोडं आणि दोन-चार परकर. पंधरा पिशव्या जेमतेम झाल्या. पुण्याहून आमचे साहेब पाहणीला यायचे होते आणि बांबू रिकामा होता.

मी चिडले. अर्ज माझ्या शिफारशीने मंजूर झाला होता. त्या तिरीमिरीत गावाबाहेर ओढ्याकडे गेले. ओढा म्हणजे शीव. अलीकडे हे गाव, पलीकडे दुसरं. शिवेवर बाभळीच्या खाली कापडच कापड पडलेलं होतं. गाद्या, वाकळा, धोतरं, आणि त्यात चांगल्या धडधाकट साड्या. काही गाठोडी तर सोडलेलीही नव्हती.

ते कुणाचं आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मला ठाऊक होतं. माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण शिवेबाहेर नेऊन टाकतात. साताऱ्यातही टाकतात, नदीवर टाकतात. माझ्या सासूबाईंचं मीच बांधून दिलं होतं. पण त्या दिवशी मला माणसं दिसलीच नाहीत. मला फक्त कापड दिसलं, आणि अर्जातला एक रिकामा रकाना.

परत येऊन मी बायकांना म्हटलं, "ओढ्यात एवढं कापड कुजतंय आणि तुम्ही म्हणता कापड मिळत नाही?"

मग गटातली एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, ते कापड आपलं न्हाई."

"मग कुणाचं आहे? ज्यांचं होतं त्यांना आता लागणार आहे का?" मी म्हटलं. वर आणखी ऐकवलं की ओढा साफ करायचा नसेल तर कचऱ्याचं काम करता असं म्हणू नका. असं बोलताना मला फार बरं वाटत होतं, हे आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

गटात शिवणारी खरी एकच होती. पन्नाशीची, सुकलेली, कमी बोलणारी बाई. मी तिला मावशी म्हणायची. घरी एकटीच असते, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. आणखी काही विचारायची मला गरज वाटली नव्हती, कारण अर्जात तसा रकाना नव्हता. ती म्हणाली, "मी आणते. ह्या कुणी हात लावू नका. मीच धुते, मीच शिवते."

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा तिच्या अंगणात दोरीवर कापड वाळत होतं. सोड्यात उकळून धुतलेलं. सगळ्या अंगणाला धुण्याच्या सोड्याचा वास. ती दारात मशीन घेऊन एक हिरवीगार साडी बेतत होती. नवी वाटावी अशी साडी. काठाला आतून फॉल लावलेला, पण तो लाल दोऱ्याने. मला हसू आलं.

"हिरव्या साडीला लाल दोरा? काय बाई शिवणारी."

"हिरवा सपला आसंल तिचा," मावशी म्हणाली. मान वर केली नाही. "घाई आसंल."

तिने फॉल उसवला नाही. काठ दुहेरी असल्यामुळे भक्कम होता, त्याचेच बंद केले. अंगाला हिरवं कापड, बंदावर लाल टाक्यांची रांग. मी म्हटलं, ही युक्ती अहवालात लिहिते. पहिली तयार झालेली पिशवी मी नमुना म्हणून मागून घेतली. तिने ती एकदा झटकली, घडी घातली, उलगडली, परत घडी घातली आणि मग दिली.

साहेब आले, त्यांनी फोटो काढले. बांबूवर पिशव्या दाटीने लटकत होत्या. तीन-चार बाजार काम असं चाललं की काय सांगू. लोक पिशव्या न्यायचे, आणून अडकवायचे, भाजीवाले स्वतःहून म्हणायचे, "जा की, बांबूची पिशवी आणा." उसाच्या कडेला उडणाऱ्या पिशव्या डोळ्यांनी दिसाव्यात इतक्या कमी झाल्या. मी खुशीत होते. एक गोष्ट मात्र तेव्हा नजरेला पडूनही डोक्यात शिरली नाही. गटातल्या बायका स्वतः बाजार करायच्या तेव्हा बांबूवरून शोधून शिंप्याच्या चिंध्यांच्या ठिगळाच्या पिशव्याच काढून घ्यायच्या. मावशी मात्र पिशवी घ्यायची नाही. ती बांबूशेजारी बसून असायची, आणि कुणी हिरवी पिशवी घेतली की ते माणूस गर्दीत दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची.

मग एका बाजारी पलीकडच्या गावची एक बाई वांगी घ्यायला थांबली. शेजारच्या गिऱ्हाइकाने पिशवी पुढे केली, आणि या बाईची नजर बंदावरच्या लाल दोऱ्यावर गेली. हातातली वांगी तिथेच टाकून ती ओरडली, "ही हितं कशी आली? ही तर आमी शिवंवर टाकली हुती!"

ती साडी तिच्या सुनेची होती. सून बाळंतपणात गेली होती, बाळही राहिलं नव्हतं. आणि ओल्या बाळंतिणीच्या कपड्याची भीती काय असते ते मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला कळलं. लोकांनी कांदे-बटाटे रस्त्यावर ओतले आणि पिशव्या लांबूनच बांबूकडे भिरकावल्या. आठ दिवसांत कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला ताप भरला, कुणाची मोटर जळली, आणि प्रत्येक गोष्टीचं बोट बांबूकडे गेलं. मला निरोप आला: गाव बसलंय, या.

समाजमंदिर भरलेलं होतं. भर दुपार, पत्रा तापलेला. एका कोपऱ्यात पिशव्यांचा ढीग, त्याच्या भोवती चार हात मोकळी जागा. मावशी त्या मोकळ्या जागेच्या काठावर बसली होती. बाकीचा गट तिच्यापासून लांब.

सरपंचांनी तिला विचारलं, "आवं, तुमाला ठावं हुतं का कुणाचं कापड हाय ते?"

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं."

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"डोहाळजेवणाला मीच घेतली हुती ती साडी," ती सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "फॉल मीच लावला. हिरवा दोरा सपला, म्हणलं लाल तर लाल, तिला काय दिसतंय. तिनं एकदाच नेसली. गेली तवा तिच्या मागं वाटंवर राळ्याचं दाणं टाकलं सासरच्यांनी, माघारी येऊ नये म्हणून. मी काय म्हणलं न्हाई. रीत हाय. समदी कापडं शिवंवर टाकली. मी जातायेता लांबनं बघायची. हात लावायचा न्हाई म्हणून लावला न्हाई. मग मॅडम म्हणल्या, ते कापड उचला, त्याच्या पिशव्या करा. मला वाटलं, लेकीला आत यायला कुणीतरी वाट दिली."

ती पुढे म्हणाली, "तिला बाजाराला यायला लय आवडायचं. सासरला गेली तरी दर बाजारी यायची. भेटायची. म्हणलं, घरात नगा घिऊ. बाजारात तरी फिरू दे."

विहीणबाई रडत होती. ओरडली होती तीच बाई. तिच्या रडण्यात रागाचा मागमूस नव्हता.

आणि मग सरपंच माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा. तुमचं काम हाय. तुमी म्हणाल तसं."

मी या जागेवर पुष्कळदा परत गेले आहे. भांडी घासताना, बसमध्ये, भाजी निवडताना. दर वेळी मी उभी राहते आणि म्हणते, चूक माझी आहे, मावशीची नाही. मी म्हणते, कापड स्वच्छ आहे, एका आईने उकळलंय, पिशव्या राहू द्या. निदान म्हणते, हिरव्या तेवढ्या हिच्या हिला द्या. लोकांनी ऐकलंही असतं. हवा तशी होती. गावाला फक्त बाहेरच्या कुणीतरी एक शब्द बोलायला हवा होता.

मी म्हटलं, "आरोग्याच्या दृष्टीनं या पिशव्या नष्ट करणंच योग्य राहील. नवीन कापडाची सोय संस्था करेल."

आरोग्याच्या दृष्टीनं. हे शब्द मी शोधलेसुद्धा नाहीत, तोंडात तयार होते. काम बंद पडू नये, अहवालात अपयश लिहावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने असं बघितलं की मला वाटलं, ही माझ्या चेहऱ्यावर अजून काहीतरी शोधते आहे.

त्याच दुपारी शिवेवर पिशव्या जाळल्या. हिरवी साडी सुती नव्हती. ती जळली नाही, वितळली, आणि थेंब थेंब गळत राहिली. प्लॅस्टिकचा वास सुटला. कचरा कमी करायला गेलेली मी, तो धूर नाकात घेऊन उभी होते. मावशी शेवटपर्यंत थांबली. आणि माझ्या खांद्यावरच्या झोळीत, कागदांच्या खाली, नमुन्याची हिरवी पिशवी होती. ती काढून आगीत टाकायचं धाडस मला झालं नाही. मावशीच्या हातात ठेवायचंही झालं नाही.

पुढे कार्यालयाने कापडगिरणीचे उरलेले तुकडे घ्यायला परवानगी दिली, काम चालू राहिलं. मावशीने मशीन परत केलं. मी अहवालात लिहिलं, "काही सामाजिक अडचणींवर चर्चेतून मार्ग काढण्यात आला." कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या माहितीपत्रकावर त्या बांबूचा फोटो छापून आला. मधोमध हिरव्या पिशव्या.

नमुन्याची पिशवी माझ्या कपाटात जुन्या फायलींखाली गेली. अधूनमधून कपाट उघडलं की सोड्याचा वास यायचा. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नसे.

नंतर माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली. दिवस भरत आले तेव्हा दवाखान्याची तयारी करताना तिने कपाट धुंडाळलं आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येते तो, ती बाळाची दुपटी त्या हिरव्या पिशवीत भरत होती. "आई, किती मस्त पिशवी आहे, बंद किती भक्कम आहेत," असं म्हणत होती.

मी पिशवी तिच्या हातातून हिसकावली. दुपटी जमिनीवर पडली. ती पडताच मी ती उचलून परत धुवायला टाकली. एकदा नाही, दोनदा. मुलगी घाबरून विचारत राहिली, काय झालं, आणि मी सांगत राहिले, काही नाही, घाण आहे ती, घाण आहे. मग मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून कोपरापर्यंत धुतले, आणि धुता धुता थांबले. ज्या गावाला मी अडाणी समजत होते, त्या गावातल्या कुणीही आपला हात असा धुतलेला मी बघितला नव्हता.

मुलगी सुखरूप सुटली, नात झाली. सव्वा महिना झाल्यावर मी ती पिशवी घेऊन त्या गावाला गेले.

मावशी दारातच होती, शेंगा फोडत. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिने बंद हातात घेतला, लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला. म्हटलं, आता रडेल. ती म्हणाली, "एक कमी हाय, हे मला तवाच ठावं हुतं. नऊ शिवल्या हुत्या, आठ जळल्या. म्हणलं, बरं झालं. एक तरी सातारला गेली." मग माझ्याकडे बघून, "वापरता न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"बाजाराला नेता?"

"हो."

एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं. नातीचं सांगावं की नाही मला कळेना, पण सांगितलं. मावशी आत गेली. बाहेर आली तेव्हा पिशवी शेंगांनी भरलेली होती. "बाळंतीण हाय, शेंगा भाजून द्या. आन् पिशवी ठिवा तुमच्याकडंच. लेकीला काय हितं बाजार घडतोय माझ्या घरात बसून."

मी पिशवी मांडीवर घेऊन कराडपर्यंत आले. कराडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथे मी एका फळवाल्याकडून पातळ प्लॅस्टिकची पिशवी घेतली, शेंगा तिच्यात ओतल्या आणि हिरवी पिशवी घडी करून झोळीत तळाशी घातली. हे मी केलं. कचरा या विषयावर शेकडो बायकांना ऐकवणाऱ्या मी केलं. मुलीने घरी शेंगा खाल्ल्या, छान आहेत म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी मी ती पिशवी घेऊन मंडईत जाते. एकटी जाते, कुणी बरोबर येतो म्हटलं तरी नको म्हणते. सगळीकडून फिरते, गरज नसली तरी फिरते. बांगड्यांच्या दुकानांपुढून, फुलवाल्यांपुढून. मावशीला दिलेला शब्द निदान इतका तरी पाळते.

घरी आले की दारात थांबते. भाजी एकेक करून टोपलीत काढते, पिशवी झटकते आणि बाहेरच्या खिळ्याला अडकवते. नात आता चालायला लागली आहे. उंबऱ्यावर उभी राहून त्या हिरव्या बंदाकडे हात करते. मी तिला उचलून आत घेते आणि दार लावते.